जे आपले नाही, ते देता येते का?

वाढदिवस साजरा करावा की नाही, याबद्दल आपल्या समाजात घरोघरी वेगवेगळी मते आहेत. आमच्या घरी सासूबाईंना केक नको असतो आणि मुलांना हवा असतो. म्हणून आम्ही मधला मार्ग काढला आहे. त्या दिवशी खीर होते, शेजारी चार वाट्या जातात आणि ज्याची सालगिरह असेल त्याला एखादी वस्तू मिळते. तो वाद आज मला उकरायचा नाही. धाकटीच्या सहाव्या वाढदिवशी घरात जे घडले, त्याने मला वेगळ्याच प्रश्नापाशी आणून उभे केले.

मोठा मुलगा दहा वर्षांचा. सकाळीच त्याने बहिणीच्या हातात एक बाहुली ठेवली. धाकटी हरखून गेली आणि मीही. मी उर्दू शाळेत शिकवते. सखावत म्हणजे काय, हे दरवर्षी नव्या वर्गाला समजावून सांगते. आपल्या घरात ते न सांगताच रुजले, असे वाटून ऊर भरून आला.

दुपारी वर्गाच्या सहलीच्या पैशांचे पाकीट मोजायला घेतले. १२० रुपये कमी भरले. बाहुलीही १२० रुपयांचीच होती.

त्याला विचारले. त्याने खोटे सांगितले नाही. मी रागावून म्हणाले, "दुसऱ्याच्या पैशाला हात लावण्यापूर्वी विचारायचे नाही?" खाली मान घालून तो म्हणाला, "अम्मी, मेरा कंपास उसको दिया, तब मुझे पूछा था क्या?"

मला उत्तर सुचले नाही. मागच्या वर्षी धाकटी रडत होती, म्हणून मी त्याचा नवा कंपास उचलून तिला दिला होता. 'तू मोठा आहेस ना?' एवढेच त्याला म्हणाले होते. बी.एड.ला बालमानसशास्त्राचा पेपर चांगल्या गुणांनी सोडवला होता. पण तो कंपास त्याच्या मनात वर्षभर तसाच पडून होता, हे मला कळले नव्हते.

कोणी म्हणेल, मुलाची नीयत चांगली होती. कर्मांचे मोल नीयतीवर ठरते, असे हदीस सांगते, हे खरेच. पण चांगल्या नीयतीने दुसऱ्याची मालकी आपली होत नाही. त्या पाकिटात चाळीस घरांतले पैसे होते. त्यांतले काही आया धुणीभांडी करून पाठवतात. ती अमानत होती. अमानतीतून दिलेली भेट ही त्या चाळीस घरांनी नकळत दिलेली भेट झाली.

मुलाचे अब्बा मार्केट यार्डात फळांच्या एका गाळ्यावर दिवाणजी आहेत. त्यांनी हात उगारला नाही. रविवारी पहाटे ते त्याला बरोबर घेऊन गेले. रविवारी गर्दी मोठी असते. डाळिंबाचे ढीग लागलेले, हमालांची धावपळ, बोली चाललेली. ते त्याला म्हणाले, "हा सगळा माल माझ्यासमोर आहे. पण यातले एक डाळिंबसुद्धा मी उदार होऊन कोणाला देऊ शकत नाही. हा माल शेतकऱ्याचा आहे. संध्याकाळी माझ्या मजुरीतून एक विकत घेईन, मग ते कोणालाही देईन." माझ्या सगळ्या धड्यांपेक्षा हे त्याला लवकर समजले.

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिले. त्यात श्याम खाऊच्या पैशांतून बचत करून धाकट्या भावासाठी कोट शिवून आणतो. आईला आनंद होतो, पण कौतुकाआधी ती विचारते, पैसे कुठून आणलेस? लहानपणी वाचताना मला ही आई संशयी वाटली होती. आता वाटते, देणे शिकवताना हाच प्रश्न आधी विचारायचा असतो. मी तो सकाळी विचारला नाही. बाहुली पाहून नुसतीच खूश झाले.

पण श्यामकडे वाचवायला स्वतःचे काही तरी होते, हेही विसरता येत नाही. आपण मोठ्या मुलाची वस्तू धाकट्याला देऊन टाकतो आणि त्याला उदारपणा म्हणतो. ती खरे तर जप्ती असते. तिच्यातून मुलाला एवढेच कळते, की ज्याच्या हातात जोर आहे, त्याने विचारायचे नसते. आपल्याला प्रिय असलेल्यातून खर्च करा, असे कुरआन सांगते. ज्याचे आपले असे काही राहूच दिले नाही, त्याने कशातून द्यायचे?

हजरत नुअमान बिन बशीर यांच्या वडिलांनी त्यांना एक भेट दिली. त्यांच्या आईने आग्रह धरला, की पैगंबरांना (स.) साक्षीदार करा. पैगंबरांनी (स.) विचारले, सगळ्या मुलांना असेच दिले का? उत्तर 'नाही' आले, तेव्हा मुलांमध्ये इन्साफ करा, असे त्यांनी सांगितले. वडिलांनी ती भेट परत घेतली. मुलांना प्रेमाने देतानाही आईबापांना इन्साफ चुकवता येत नाही.

आम्ही बाहुली धाकटीकडेच राहू दिली, तिचा काही दोष नव्हता. पाकिटातले पैसे मी त्याच दिवशी भरले. मग मुलासमोर वही उघडली. त्याच्याकडून मला १२० रुपये येणे, कंपासाचे ८० रुपये मी त्याला देणे. उरलेले ४० त्याने आठवड्याच्या दहा रुपयांतून फेडायचे. सासूबाईंना ही सूट जास्त वाटली. मला तसे वाटत नाही. मुलाकडे हिशेब मागायचा, तर त्या वहीत आपलेही देणे लिहिले पाहिजे.

चौथ्या शुक्रवारी त्याने शेवटचे दहा रुपये माझ्या हातावर ठेवले. क्षणभर थांबून विचारले, "अम्मी, आता बाहुली माझ्याकडून झाली ना?"

मी म्हणाले, "हो, आज झाली."