लोहाराने दिलेली वाट

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकापासून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत डांबरी रस्ता सहा-सात किलोमीटरांचा. मोटारीला तो रस्ता म्हणजे अंतर. सायकलला उंची.

*

दाट झाडीतला चढ डोळ्यांना दिसत नाही. क्षितिज नसलं की डोळ्याची पाणसळ बिघडते. रस्ता सपाट वाटतो आणि मांड्या भरून येतात. अशा वेळी मांड्यांचं ऐकावं. तरी खात्री हवी असेल तर पावसाळ्यात कडेचा ओहोळ कुठल्या बाजूला धावतो ते पाहावं. पाण्याला उतार शिकवावा लागत नाही.

*

चढाचा वेग श्वास ठरवतो. शेजारच्याशी एक पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. वाक्य तुटायला लागलं की पाय हलके करावेत. नाहीच जमलं तर उतरावं, सायकल हातात घेऊन चालावं. फाटकाशी भाड्याने मिळणारी सायकल जड असते, पोराटोरांनी दामटलेली असते. तिच्यासोबत चाललेला अर्धा किलोमीटर मी कधीही वजा धरत नाही. त्या अर्ध्या किलोमीटरात मला पहिल्यांदा हरियाल दिसला. वडाच्या फळांवर बसला होता, पानांत पान होऊन.

*

एक हिशेब मी पुन्हा पुन्हा करतो. सत्तर किलोचा माणूस आणि अठरा किलोची सायकल शंभर मीटर उंच न्यायची तर सुमारे ८६ किलोज्यूल लागतात, म्हणजे वीस-एकवीस किलोकॅलरी. शरीर खाल्ल्या अन्नातला जेमतेम चौथा हिस्साच कामाला लावतं, बाकीचं ऊब होऊन घामाबरोबर जातं. म्हणून पोटातून ऐंशीच्या वर किलोकॅलरी निघतात. एक पोळी.

शंभर मीटर उंचीला एक पोळी. इतकं स्वस्त आहे हे, आणि इतकं महाग.

त्या पोळीचा कामाला लागलेला हिस्सा संपत मात्र नाही. तो उंचीत ठेव म्हणून राहतो आणि उतारावर एकदम परत मिळतो. वारा नसता, घर्षण नसतं, ब्रेक नसते, तर शंभर मीटर खाली येईपर्यंत तीच सायकल ताशी दीडशे किलोमीटरांच्या पुढे गेली असती. घरच्या तव्यावरच्या एका पोळीत एवढा वेग आहे. उतार सुरू होण्याआधी हे आठवावं. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर थांबायला लागणारं अंतर चौपट होतं, आणि वळणापलीकडे कोण आहे ते झाडं सांगत नाहीत.

*

चढावर सायकल मुकी असते. पायडल फिरत असतं, साखळी ताणलेली असते, फ्रीव्हील गप्प. म्हणून चढावर जंगल ऐकू येतं: सुकल्या सागाच्या पानावरून गेलेला सरडा, लांबवर वानराचा खाकरा, चितळाची एकच तीक्ष्ण हाक. उतारावर पाय थांबतात आणि फ्रीव्हील टकटकायला लागतं. कानांत वारा भरतो. आता आपल्याला काही ऐकू येत नाही; सगळ्यांना आपण ऐकू येतो.

चढताना मी जंगल ऐकतो. उतरताना जंगल मला ऐकतं. दुसऱ्या वेळी वागणं जास्त जपून हवं, आणि नेमकं तेव्हाच आपण मोकळे सुटलेले असतो.

*

या उद्यानाचं क्षेत्र शंभर चौरस किलोमीटरांच्या थोडं वर. कॅमेरा ट्रॅपच्या मोजणीत इथे आणि आसपास चाळीसहून अधिक बिबटे नोंदले गेले आहेत. बिबट्या रात्री रस्त्याने चालतो, कारण त्यालाही काटे नको असतात आणि पाचोळ्याचा आवाज नको असतो. ज्या डांबरावर सकाळी माझा टायर चालतो, त्यावर पहाटेपर्यंत त्याचे पंजे होते. डांबर ठसा ठेवत नाही. कडेच्या मातीत कधी तरी दिसतो: चार बोटं, मागे गादी, नखं आत.

तो ठसा पाहिला की मला भीती वाटत नाही. आपण सकाळच्या पाळीचे आहोत, एवढं कळतं.

*

हे जंगल शहराच्या तहानेने राखलं. विहार तलाव १८६० मध्ये पुरा झाला, तुळशी १८७९ मध्ये. पाणी हवं तर पाणलोट हवा, पाणलोट हवा तर झाडं हवीत. एवढ्या साध्या गरजेतून डोंगर मोकळे राहिले. पुढे त्याला उद्यान म्हणाले, राष्ट्रीय म्हणाले. तुळशीच्या सांडव्यातून निघालेली दहिसर नदी फाटकापाशी आपल्या रस्त्याजवळून जाते. बाटलीत पाणी भरून घेताना मला ते आठवतं. मुंबईला आता दूरच्या मोठ्या धरणांचं पाणी येतं, या दोन तलावांचा वाटा त्यात लहान आहे. तरी ते अजून देत आहेत.

*

रस्ता संपतो तिथे पायऱ्या लागतात, आणि पायऱ्यांच्या वर शंभराहून अधिक लेणी. पहिल्या शतकाच्या सुमारापासून हजारेक वर्षं या काळ्या खडकात माणसं राहिली. जवळजवळ प्रत्येक लेण्याशी पाण्याची पोढी आहे. खडकावर खोदलेल्या बारीक पन्हळी पावसाचं पाणी उतारावरून वळवून पोढीत आणतात. खोदणाऱ्यांना चढ-उतार बोटाच्या पेरापर्यंत माहीत होता.

दानाचे बहुतेक जुने लेख ब्राह्मीत आहेत, भाषा प्राकृत. कुणी लेणं दिलं, कुणी पोढी, कुणी बसायला आसन. देणारे कल्याणचे, सोपाऱ्याचे, नाशिकचे. व्यापारी, सोनार, भिक्षुणी. त्यात कल्याणच्या एका लोहाराचा लेख आहे. त्याने वाट दिली.

वाट. दगडातली वाट, भिक्षूंनी पाय न घसरता वर-खाली करावं म्हणून.

मी या लेखापाशी इतर कशाहूनही जास्त वेळ थांबतो. चैत्याचे खांब मोठे आहेत, बुद्धाच्या उभ्या मूर्ती मोठ्या आहेत, त्यांच्यापुढे मान आपोआप झुकते. लोहाराचं दान पायाखाली जातं. सोनाराला लेणं शोभलं असतं. लोहाराला ठाऊक होतं की आधी छिन्नी लागते आणि मग वर जायला पाऊल टेकण्याची जागा. भट्टीपाशी दिवसभर उभ्या राहणाऱ्या माणसाने दुसऱ्यांच्या चालण्याचा विचार केला. अठराशेच्या आसपास वर्षं झाली असतील, आणि दम लागलेली माणसं अजून त्याच डोंगरावर चढत आहेत.

खाली झाडाला टेकवून ठेवलेली माझी सायकलही लोहाराचंच काम. आरे, साखळी, छर्रे. त्याला ती दाखवावी असं फार वाटतं. त्याने आधी ब्रेकला हात लावून पाहिला असता.

*

कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते. इथल्या डोंगरांवर ती २०१६ मध्ये फुलली, नंतर २०२४ मध्ये. मधली सात वर्षं ती नुसती हिरवी काठी असते, आणि कडेने जाणारा तिच्याकडे बघतही नाही. एकदा फुलून, बी टाकून ती मरते. २०१६ ला हा चढ मी न थांबता चढलो होतो. २०२४ ला तीन वेळा थांबलो, आणि जांभळा रंग तीन ठिकाणी नीट पाहिला.

२०३२ ला किती वेळा थांबेन ते गुडघे ठरवतील.

*

या रस्त्यावर वेळ लावून सायकल चालवणारे असतात. मनगटावर घड्याळ, खिशात फोन, मागच्या आठवड्यापेक्षा किती सेकंद कमी. त्यांचे पाय माझ्याहून चांगले आहेत. चढावर त्यांनी हवं ते करावं. उतारावर मात्र घड्याळ बंद ठेवावं, असं मी भेटेल त्याला सांगतो. चढाच्या विक्रमाला दम लागतो तो आपला. उताराच्या विक्रमाची किंमत मोजणारा रस्ता ओलांडत असतो.

आणि माकडांना काही देऊ नये. सायकलच्या पिशवीतल्या केळ्याची सवय लागली की माकड रस्त्यावर बसायला शिकतं. रस्त्यावर बसलेलं माकड एक दिवस चाकाखाली येतं. केळं देणारा तोवर घरी पोचलेला असतो.

*

उद्यानात पाडे आहेत. वारली, मल्हार कोळी, कितीतरी पिढ्यांचे. बिबट्याला ते वाघोबा म्हणून पुजतात. मला जो रस्ता रविवारचा, तो त्यांना रोजचा. शाळेचा, दवाखान्याचा, बाजाराचा.

परवा उतरताना शेवटून दुसऱ्या वळणावर एक आजी दिसल्या. डोक्यावर मोळी, हातात काठी, रस्त्याच्या मधोमध. मी घंटीवर अंगठा ठेवला आणि काढला. दोन्ही ब्रेक हळूहळू दाबले. रबरं कुरकुरली, सायकल त्यांच्या मागे दहा हातांवर उभी राहिली. त्यांनी वळून पाहिलं नाही. त्यांच्या चालीने मी वळण संपेपर्यंत मागे चालत राहिलो, एक हात हँडलवर. पुढे पाड्याची पायवाट फुटली तिथे त्या वळल्या, मोळी सावरली, आणि म्हणाल्या, "जा बाबा आता."

मी खाली वाकून रिमला बोट लावलं. गरम होती.