तारीख गाठशील, कारखान्याचं काय?

नव्या सिस्टिमच्या स्टेटस रिपोर्टमध्ये सगळं हिरवं रंगवून पाठवलंस. मास्टर डेटा हिरवा, यूएटी म्हणजे युजरने करायची चाचणी हिरवी, ट्रेनिंग हिरवं. मग स्टोअरचा माणूस अजून वहीत का लिहितो? विचारलंस त्याला? चाकणच्या त्या कारखान्यात शेवटचा पाय कधी ठेवलास? एसीत बसून गँट चार्टच्या पट्ट्या सरकवणं म्हणजे प्रोजेक्ट चालवणं, हे तुला कोणी शिकवलं? मी तर नाही.

वर सबबी तयारच. व्हेंडर उशीर करतो. युजर सहकार्य करत नाहीत. का करतील? यूएटीला त्यांना बोलावलंस ते सहीपुरतं. टेस्ट केस व्हेंडरने लिहिल्या, व्हेंडरनेच चालवल्या, स्टोअरकीपरने खाली नाव लिहिलं. याला चाचणी म्हणतात? अर्धी आलेली ऑर्डर, परत गेलेला माल, चुकलेलं बिल, यातलं एक तरी चालवून पाहिलंस?

म्हणे तारीख वरून लादली. आणि तू? मान डोलावलीस!

अमेरिकेतल्या हर्शी चॉकलेट कंपनीचं प्रकरण तुला मी स्वतः शिकवलंय. ४८ महिन्यांचं काम ३० महिन्यांत बसवायचा हट्ट. एप्रिल १९९९ हुकला, जुलै उजाडला, आणि हॅलोविनच्या ऑर्डरी यायच्या वेळीच सगळ्या नव्या सिस्टिम एकदम चालू केल्या. सुमारे १० कोटी डॉलरचा माल दुकानांपर्यंत पोचला नाही. चॉकलेट नव्हतं म्हणून? चॉकलेट होतं! कारखान्यातल्या रिकाम्या जागांत ठेवलेला साठा सिस्टिममध्ये चढवलेलाच नव्हता. तुझ्या शेडमागे रचलेला माल कुठल्या लोकेशनवर चढवलास, सांग बरं?

ब्रिटनच्या टीएसबी बँकेनेही नव्या सिस्टिमवर जायची तारीख आधी ठरवली आणि मग तिच्यात काम कोंबलं. डेटा सेंटर दोन, चाचणी नीट झाली एकाचीच. एप्रिल २०१८ मध्ये ज्या शनिवार-रविवारी हा बदल केला, त्यानंतर लोकांना स्वतःच्याच पैशाला हात लावता येईना. तेव्हा बँकेचे ग्राहक होते ५२ लाख. २०२२ मध्ये ४ कोटी ८६ लाख पौंडांहून जास्त दंड झाला. तिथेही हुशार माणसं होती. हुशारी गप्प बसली की असंच होतं.

तुला दिसत नाही असं म्हणू नकोस. मागच्या महिन्यात बीओएममधला, म्हणजे मालाच्या घटक-यादीतला, किलो आणि नगाचा घोळ तूच पकडलास. एक ओळ दुरुस्त केलीस आणि पुढे गेलास. बाकीच्या ओळी कोण बघणार होतं? तुला ठाऊक होतं, खोदलं तर तारीख जाईल. म्हणून खोदलं नाहीस. हा आळस नाही, याला कच खाणं म्हणतात, आणि तुझ्याकडून मला ते सहन होत नाही. सॉफ्टवेअर व्हेंडर बसवून जाईल. माणसांचं रोजचं काम बदलायचं, ते तुझं काम. पहिल्या दिवशी डिस्पॅच अडला, तर शिव्या त्या स्टोअरकीपरला बसतील, तुला नाही.

उद्या पहिल्या पाळीला स्टोअरमध्ये जा. साठ्याची मोजणी करून घे, मोबाइल बाजूला ठेव. दोन मॉक कटओव्हर, म्हणजे बदलाच्या रंगीत तालमी, लाव, आणि कोणत्या आकड्याला थांबायचं, ते स्टिअरिंग कमिटीकडून आधीच लिहून घे. साहेब चिडतील. चिडू देत. सोमवारी सिस्टिममधला आणि रॅकवरचा साठा शेजारी शेजारी मांडून मला दाखव. तोवर गो-लाइव्हचं नाव काढू नकोस.