घासाघीस आणि घडणावळ

सोनाराच्या दुकानात आलेल्या एखाद्या सधन गृहस्थाकडे घटकाभर लक्ष देऊन पाहावे. सोन्याचा आजचा भाव काय, असे तो विचारतो आणि सोनार सांगेल तो आकडा निमूटपणे मान्य करतो. हा भाव या सोनाराने ठरविलेला नाही, तो दूरच्या मोठ्या बाजारांत ठरून आला आहे, हे त्यास ठाऊक असते. त्यापुढे त्याची मान आपोआप लवते. मग घडणावळीची गोष्ट निघते आणि तोच गृहस्थ एकदम सरसावून बसतो. ‘एवढी मजुरी? अहो, काम ते काय आहे?’ लाखाच्या सोन्यावर ज्याने ब्र काढला नाही, तो दोन हजारांच्या घडणावळीवर अर्धा तास हुज्जत घालतो, आणि तीनशे रुपये कमी करून घेतले म्हणजे जिंकल्यासारखा घरी जातो.

आम्ही हे दृश्य अनेक वेळा पाहिले आहे, आणि खरे सांगावयाचे तर कधी कधी त्या गृहस्थाच्या जागी आम्ही स्वतःच होतो. पेट्रोलच्या पंपावर, रेल्वेच्या खिडकीपाशी किंवा विजेच्या बिलावर कोणी घासाघीस करीत नाही. कापडाच्या ताग्यावर छापलेली किंमत आपण देतो आणि शिंप्याशी शिलाईवरून भांडतो. म्हणजे ज्या किमतीच्या मागे माणसाचा चेहरा दिसत नाही, तेथे आपण नम्र असतो; जेथे समोर माणूस उभा आहे, त्याचे हात दिसत आहेत, तेथेच आपली काटकसर जागी होते. हा विचित्र व्यवहार आहे. तो कंजूषपणाचा म्हणून सोडून देता येत नाही, कारण हे करणारे पुष्कळ लोक एरवी उदार असतात.

मादन हिप्परग्यापासून बिदर काही फार दूर नव्हे. तेथील बिदरी काम वाचकांस परिचित असेलच. जस्त आणि थोडे तांबे यांचा ओतीव घडा किंवा सुरई करावयाची, कानशीने घासून ती गुळगुळीत करावयाची, मोरचुदाच्या पाण्याने क्षणभर काळी करून तिच्यावर नक्षी रेखावयाची, छिन्नीने ती रेघ कोरावयाची आणि त्या कोरीत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवावयाचा. शेवटी बिदरच्या किल्ल्यातील विशिष्ट माती नवसागराबरोबर उकळून तिच्यात ते भांडे धरले म्हणजे धातू कायमचा काळा होतो आणि चांदी मात्र पांढरी राहते. या कलेस २००६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. २०२३ साली बिदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांस पद्मश्रीने गौरविण्यात आले. गौरव झाला हे योग्यच झाले. परंतु बिदरी विकत घ्यावयास आलेला श्रीमंत मनुष्य पहिला प्रश्न जो विचारतो तो ‘यात चांदी किती?’ हाच असतो. चांदीचे वजन, जस्ताचे वजन, दोहोंची बेरीज, आणि मग ‘बाकी एवढे पैसे कशाचे?’ असा आश्चर्याचा स्वर. ती बाकी म्हणजेच तर बिदरी! धातू काय, कोठेही मिळेल.

आता आमच्यावरच आलेला एक प्रसंग सांगतो. मादन हिप्परगा भागातील एका देवळाच्या सभामंडपास नवी फरशी बसवावयाची होती. फरशी अर्थातच शहाबादी. आपल्या कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादचा हा थराथरांनी सुटणारा दगड अर्ध्या महाराष्ट्राच्या ओसऱ्यांत पसरलेला आहे, मग तो आपल्याच देवापुढे नको काय? खर्च उचलला तो पुण्यास स्थायिक झालेल्या एका भाविक गृहस्थांनी. ते त्यांचे कुलदैवत. दगडाचे पैसे त्यांनी खळखळ न करता दिले. सोलापुरास नावाची संगमरवरी पाटी करावयास टाकली, तेथे दुकानात अक्षरामागे किती हे फळ्यावर लिहिलेले होते. अक्षरे मोजली, पैसे मोजले, काम संपले. मग गवंड्याची पाळी आली. त्याने बसवणावळीचा दर चौरस फुटास ३० रुपये सांगितला. सभामंडप ६०० चौरस फुटांचा. गृहस्थ २० वर आले, गवंडी २८ वर आला आणि गाडे अडले. तेव्हा मध्यस्थ म्हणून आम्हांस पुढे करण्यात आले, आणि आम्ही जे वाक्य उच्चारले ते देवळांच्या ओसरीवर बसणाऱ्या आपणां सर्वांच्या तोंडी अगदी सहज येते. आम्ही म्हणालो, ‘अरे बाबा, देवाचे काम आहे, थोडे कमी घे.’

गवंडी काही वेळ खाली पाहत राहिला. मग म्हणाला, ‘देवाचं काम हाय म्हनूनच गाभाऱ्याम्होरची पायरी मी फुकट बशीवनार हाय, अण्णा. पर ती माझी सेवा. सावकारांची सेवा माझ्या मजुरीतनं कशी हुईल?’

त्यावर कोणी काही बोलले नाही. अखेर २५ ला सौदा ठरला, कारण त्याला काम हवे होते.

आमच्या मनात तो प्रश्न तेव्हापासून घर करून आहे. धर्मशास्त्रकारांनी दानाची जी व्याख्या केली आहे, तीत पहिली अट स्वत्वाची आहे. स्वतःच्या मालकीचा त्याग आणि दुसऱ्याच्या मालकीची उत्पत्ती, या दोन गोष्टी मिळून दान होते. जे आपले नाहीच त्याचा त्याग कोणता करणार? गवंड्याच्या ३० रुपयांतील पाच रुपये सोडावयाचे की नाहीत हा अधिकार गवंड्याचा. ते पाच रुपये त्याच्याकडून काढून घेऊन ते आपल्या देणगीत जमा धरले, तर दाता कोण आणि पाटीवर नाव कोणाचे? आम्ही देवाचे नाव घेतले ते भक्तीने घेतले असे आम्हांस त्या क्षणी वाटले होते. वस्तुतः ते आम्ही तराजूच्या एका पारड्यात टाकलेले वजन होते.

येथे वाचक म्हणतील की घासाघीस हा आपल्या बाजारांचा प्राणच आहे. ती पाप कशी? आम्ही ती पाप म्हणत नाही. आळंदच्या आठवड्याच्या बाजारात तुरीची डाळ घेणारी म्हातारी आणि विकणारी म्हातारी यांची जी जुंपते, ती ऐकण्यासारखी असते. दोघींची ऐपत सारखी, दोघींना उठून जाण्याची मोकळीक सारखी. त्यात लेकीसुनांची चौकशी होते, पावसाला शिव्या घातल्या जातात, आणि अखेर मूठभर डाळ वर पडते. ते संभाषण आहे. परंतु ज्याला आज काम मिळाले नाही तर उद्या चूल पेटण्याची पंचाईत आहे, आणि ज्याला हे काम आज झाले काय, पुढच्या वर्षी झाले काय, सारखेच आहे, या दोघांमधील बोलणे तसे नव्हे. तेथे एकजण बोलतो आणि दुसऱ्याची गरज त्याच्यासाठी बोलते.

कारागिरांचीही एक बाजू लपविण्यात अर्थ नाही. मोटार दारात थांबलेली पाहून दर चढविणारे सुतार, विजेचे काम करणारे, नळकाम करणारे आम्ही पाहिले आहेत. एकाच्या घरी तीनशे आणि दुसऱ्याच्या घरी सातशे, काम तेच. श्रीमंत गृहस्थ रागावून म्हणतो, ‘पैशाचा प्रश्न नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे.’ आम्हांस ते वाक्य बरेचसे खरे वाटते. त्याला पैशाची चणचण नाही. त्याला भीती आहे ती फसविले जाण्याची. पन्नास रुपये गेल्याचे दुःख नाही, पन्नास रुपयांना आपण मूर्ख ठरलो याचे आहे. पण हा राग ज्या गाठीवर आहे ती गाठ कशी पडली? कारागीर म्हणतो, हे कापणारच, म्हणून मी चढवितो. गिऱ्हाईक म्हणते, हा चढविणारच, म्हणून मी कापतो. दोघेही अगदी तर्कशुद्ध, आणि दोघांच्या तर्काने खरा दर कायमचा नाहीसा झालेला. प्रथम कोणी सोडावे? आमचे मत असे की ज्याला चूक परवडते त्याने. श्रीमंताने एकदा विश्वास टाकला आणि तो फसला, तर त्याचे दोनशे रुपये जातात. कारागिराने एकदा खरा दर सांगितला आणि तो नेहमीप्रमाणे कापला गेला, तर त्याचे त्या दिवसाचे कालवण जाते.

खरा दर कोणता, हे ठरवावयाचे कसे, हा प्रश्न नवीन नाही. म्हैसूरच्या ग्रंथसंग्रहातील पोथीवरून आर. शामशास्त्री यांनी १९०९ साली कौटिल्याचे अर्थशास्त्र प्रसिद्ध केले. त्यात कारागिरांविषयी राज्याला संशय फार. त्यांच्यावरील देखरेखीचे प्रकरण कंटकशोधनाच्या अधिकरणात घातले आहे, म्हणजे समाजाच्या पायांतील काट्यांमध्ये त्यांची गणना. तरीही मजुरीची गोष्ट निघते तेथे हा कठोर ग्रंथकार चोख आहे. कारागीर, गवई, वैद्य अशांची मजुरी आधी ठरली नसेल, तर त्याच प्रकारचा दुसरा मनुष्य जे घेतो ते, किंवा त्या कामातील जाणकार जे ठरवतील ते त्यास मिळावे. आणि मजुरी न देणाऱ्यास दंड व्हावा. जाणकारांनी ठरवावे असे म्हटले आहे, धनवानाने नव्हे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आपल्याकडे पूर्वी बलुत्याने हा प्रश्न टाळला होता. त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’ या १९१५ सालच्या ग्रंथात त्या व्यवस्थेचे बारीकसारीक वर्णन केले आहे. सुतार, लोहार, कुंभार, परीट यांना खळ्यावर धान्याचा वाटा मिळे. प्रत्येक कामाला दर नाही, म्हणून प्रत्येक कामाला हुज्जतही नाही. गोव्यातील देवस्थानांतही सेवेकऱ्यांना सेवेच्या बदल्यात जमिनी लावून दिलेल्या असत. कोणी याला सुवर्णयुग म्हणतात. आम्ही म्हणणार नाही. घासाघीस नव्हती, पण काम नाकारण्याची मुभाही नव्हती; आणि ज्यांना सर्वांत हलके मानले त्यांचे राबणे सर्वांत जास्त व वाटा सर्वांत अपमानाचा होता. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महार वतनाविषयी मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडले ते उगाच नव्हे. मजुरी रोखीत मागणे, दर सांगणे, ‘परवडत नाही’ म्हणून उठून जाणे, ही माणसाला उशिरा मिळालेली प्रतिष्ठा आहे. ‘देवाचे काम आहे’ असे म्हणून आपण त्यास पुन्हा त्या खळ्यावर नेऊन उभे करतो.

या मुलखातच एक निराळी परंपरा आहे, आणि ती आठवल्यावाचून राहवत नाही. बाराव्या शतकात कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, बसवेश्वरांच्या भोवती जे शरण जमले त्यांत दोर वळणारे, परीट, चांभार, नावाडी असे कष्टकरी होते. त्यांनी कामास कायक म्हटले आणि कायकाच्या कमाईतून जंगमांची सेवा केली. त्यांपैकी नुलिय चंदय्या गवताचे दोर वळीत असे. त्याची कथा अशी की गवत कापताना त्याचे इष्टलिंग गळून पडले, आणि तो इतका रुसला की ते उचलीना. शेवटी मडिवाळ माचय्यांच्या मध्यस्थीने समेट झाला तो या अटीवर की चंदय्याने दोर वळावे आणि खुद्द लिंगदेवाने ते बाजारात विकून यावे. देव दोर घेऊन बसवेश्वरांकडे गेला, आणि मंत्रिपदावरील त्या उदार पुरुषाने दोराच्या मोलाहून कितीतरी अधिक द्रव्य दिले. ते पाहून चंदय्या संतापला. माझ्या दोराची किंमत एवढी नाही. अधिक आहे ते परत करा.

ही कथा ऐकताना आपण बहुधा चंदय्याच्या निर्लोभीपणाचे कौतुक करतो. पण तीत दुसरीही एक गोष्ट आहे. दोराला त्याची स्वतःची किंमत आहे, आणि ती गिऱ्हाइकाच्या औदार्याने वाढत नाही, तशी त्याच्या श्रीमंतीच्या दाबाने कमीही होत नाही, असे चंदय्या सांगत आहे. विकावयास प्रत्यक्ष देव आला तरीही नाही. घेणारे बसवेश्वर असले तरीही नाही. आयदक्की लक्कम्मेनेही, पतीने एके दिवशी नेहमीहून अधिक तांदूळ वेचून आणले, तेव्हा ते परत पाठविले. बक्षिसी आणि मजुरी यांची सरमिसळ या लोकांना खपत नसे. आमचे श्रीमंत मात्र तीनशे रुपये मजुरीतून कापतात आणि दिवाळीला पाचशे रुपये पोस्त देतात. हिशेबाने कारागीर फायद्यात राहतो, पण मजुरी घेताना तो ताठ उभा असतो आणि पोस्त घेताना वाकतो. आम्हांस वाटते, पुष्कळांना ते वाकणेच विकत हवे असते.

उपाय फार मोठे नाहीत. न्हाव्यांनी दुकानात दरपत्रक लावले, तेव्हापासून त्यांच्याशी कोणी घासाघीस करीत नाही; मोठमोठे सावकारही फळा वाचून पैसे देतात. देवस्थानांच्या मंडळांनी गवंडी, सुतार, वाजंत्री, आचारी यांचे दर त्या त्या कामाच्या जाणकारांना विचारून वर्षातून एकदा लिहून ठेवावे, आणि देणगी देणाऱ्यास ते आधी दाखवावे. मग मध्यस्थाला देवाचे नाव घ्यावे लागणार नाही.

त्या सभामंडपाचे काम पुरे झाल्यावर आम्ही हिशेब केला. पाच रुपयांप्रमाणे ६०० फुटांचे ३००० रुपये, आणि गाभाऱ्यापुढील पायरीचे अदमासे ४००. ज्या तोंडाने ‘कमी घे’ म्हटले होते, त्या तोंडाने निदान एवढे तरी करावे, म्हणून ३४०० रुपये घेऊन आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याने संकोच केला नाही, आभारही मानले नाहीत. ओट्यावर बसून नोटा मोजल्या. मग ‘हे जास्तीचे कशाचे?’ म्हणून विचारले. आम्ही पायरीचे सांगितले.

‘ती धरू नका,’ असे म्हणून त्याने ४०० रुपये आमच्या हातात परत ठेवले आणि बायकोला चहा टाकावयास सांगितले.