पाळी, विटाळ आणि देहधर्म

मासिक पाळी अशुद्ध असते का, या प्रश्नाला महाराष्ट्रात परस्परविरोधी उत्तरे मिळाली आहेत. पाळीतील स्पर्शदोष फेडण्यासाठी भाद्रपद शुद्ध पंचमीला ऋषिपंचमीचे व्रत सांगितले आहे. या व्रतानिमित्त शहरी घरांतही गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ऋषीची भाजी शिजते. उलट, तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी पाळी हा इतर स्रावांसारखाच देहधर्म मानून तिचा विटाळ नाकारला. देहच विटाळातून उपजतो, मग सोवळा कोण, असा प्रश्न संत सोयराबाईंनी केला. शरीरशास्त्र चक्रधरांच्या बाजूचे आहे. गर्भधारणा न झाल्यास गर्भाशयाचे अस्तर रक्तासह बाहेर पडते. प्रौढ स्त्रीत साधारण २१ ते ३५ दिवसांचे चक्र आणि २ ते ७ दिवसांचा स्राव स्वाभाविक असतो. सुरुवातीच्या वर्षांत अनियमितताही आढळते. या क्रियेत पापपुण्याचा प्रश्न उद्भवत नाही.