जागेपणाची वारी

वारकरी म्हटला की पायी चालणारा माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. खांद्यावर पताका, गळ्यात तुळशीची माळ, मुखात नाम. परंतु ज्याच्या हाती टाळाऐवजी गाडीचे चाक आहे, आणि जो महिन्याचे बहुतेक दिवस घराबाहेर वाटेवरच काढतो, असाही एक वाटसरू आपल्या वऱ्हाडात आहे. तो म्हणजे लांब पल्ल्याचा ट्रक चालविणारा ड्रायव्हर. त्याचा धर्म कोणता, आणि त्याच्याविषयी आपला धर्म कोणता, एवढाच विचार आज करावयाचा आहे.

चांदूर बाजार, अचलपूर, मोर्शी, वरूड हा सारा मुलूख संत्र्याचा. मृगाचा बहार उन्हाळ्याच्या तोंडाशी तोडणीस येतो आणि आंबिया बहार दिवाळीच्या आगेमागे. बागेत तोडा होतो, माल निवडतात, भरतात, वर ताडपत्री आवळून बांधतात, आणि दिवेलागणीला गाडी निघते. मोर्शी, वरूड मागे टाकून सातपुडा चढायचा, मुलताई, बैतूल, भोपाळ करीत दिल्लीच्या आझादपूर मंडीस पोचायचे. सुमारे हजार किलोमीटरांची मजल ! संत्रा हा काही लोखंड नव्हे. गाडीत उबारा धरला की तो सडू लागतो. एक सडला की शेजारच्या दहांना लावतो. सकाळच्या बोलीला माल पोचला नाही तर भाव पडतो. म्हणून मालक म्हणतो लवकर, दलाल म्हणतो लवकर, बागवानाचा जीवही तिकडेच लागलेला. सगळ्यांची घाई शेवटी एका माणसाच्या डोळ्यांवर येऊन बसते.

तो धाब्यावर जेवतो, गाडीखाली सावली शोधून पडतो, मिळेल तेथे आंघोळ करतो. घरी पोराला ताप आला तर त्याला फोनवर कळते. आणि समाज त्याला काय म्हणतो ? "ड्रायव्हर आहे, पिणारच !" मुलगी द्यावयाची वेळ आली की लोक पाऊल मागे घेतात. पण त्याने आणलेले मीठ, तेल, औषध, खत मात्र आपण निःशंक घेतो. एकादशीच्या फराळाचा साबुदाणा आणि भगरसुद्धा कोणाच्या तरी ट्रकमधूनच आपल्या दारी येते, हे विसरू नये.

आता असा एखादा माळकरी ड्रायव्हर कीर्तनानंतर जवळ येतो आणि शंका विचारतो : "महाराज, कार्तिकीच्या टायमाले आंबियाचा तोडा जोरात असते. तवा गाडी सोडून पंढरपूरले कसं जावं ? मंग आमची वारी बुडालीच म्हणा ना !"

बापा, बुडाली नाही. सावता महाराजांचे चरित्र आठव. अरणच्या मळ्यात ते राबले. मळा हेच त्यांचे पंढरपूर. देवाने त्यांना दूर लोटले काय ? उलट, पांडुरंगाची पालखी पंढरपुराहून अरणला भेटीस जाते, अशी परंपरा आहे. ज्याने आपले नेमलेले काम देवाचे म्हणून केले, त्याच्याकडे देवच वाट चालून येतो. तेव्हा घडेल त्या वर्षी वारी अवश्य कर. न घडेल त्या वर्षी चाकापाशीच नाम घे. नामाला काळवेळेचे बंधन संतांनी ठेवलेले नाही.

परंतु येथेच एक मोठी सावधानता सांगितली पाहिजे. आजच्या निरूपणाचे मर्म हेच आहे.

तेरच्या गोरोबाकाकांची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. ते चिखल तुडवीत होते, चित्त विठ्ठलस्वरूपी लागले होते, देहभान राहिले नाही, आणि स्वतःचे रांगते मूल पायाखाली आले. कथा ऐकताना आपल्या डोळ्यांना पाणी येते ते देवाने मूल परत दिले म्हणून. पण थोडे थांबून पाहा. ती गोरोबांची अवस्था होती, ते भान विठ्ठलाने नेले होते. आपले भान कोण नेतो ? कोणाचे दारू नेते, कोणाचे हातातला मोबाइल नेतो, आणि बहुतेकांचे दोन रात्रींची साचलेली झोप नेते. काकांच्या पायाखाली एक मूल आले. भरलेल्या ट्रकपुढे अख्खी दिंडी येऊ शकते. आणि चाकाखाली आलेले मूल परत मिळत नाही.

हे नुसते बोलणे नव्हे. २०१९ च्या नोव्हेंबरात नामदेवरायांच्या पालखी सोहळ्याची दिंडी दिवे घाट उतरत असता ब्रेक निकामी झालेले जेसीबी यंत्र तीत शिरले. दोन वारकरी गेले, त्यांतले एक खुद्द नामदेवरायांच्या वंशातले. २०२२ च्या ऑक्टोबराच्या अखेरीस सांगोल्याजवळ जुनोनी येथे दिंडीत मोटार घुसली आणि सात जणांचे प्राण गेले. त्यांच्या घरी माणसे परत येण्याची वाट पाहत होती. रस्ता एकच आहे, सज्जनहो. त्यावरून वारकरीही चालतो आणि ड्रायव्हरही. एकाचे प्राण दुसऱ्याच्या जागेपणावर अवलंबून आहेत.

म्हणून ड्रायव्हर बंधूंनो, तुमचे भजन कोणते ते ऐका. डोळे मिटून ध्यान करणे हे इतरांना शोभते. तुमचे ध्यान उघड्या डोळ्यांचे. मुखाने नाम घ्या, पण नजर रस्त्यावरून हलू देऊ नका. निघण्यापूर्वी समोरच्या तसबिरीस हार घालता, उदबत्ती लावता, फार चांगले. पण त्याआधी ब्रेक, टायर, मागचे दिवे पाहा. मागचा दिवा बंद ठेवून पुढे लावलेली उदबत्ती देवाला पोचत नाही. एकादशी धरा, पण ग्लानी येईल असा निर्जळीचा हट्ट गाडीवर नको. फराळ करा, पाणी प्या.

कोणी म्हणेल, "महाराज, एकादशीले आपण रातभर जागतोच ना ? तसंच हे." नव्हे बाबा. एकादशीचा जागर दहा जणांत, टाळमृदंगाच्या गजरात होतो. डुलकी लागली तर शेजारचा हलवून उठवतो, आणि दुसऱ्या दिवशी पारणे सोडून माणूस विसावा घेतो. तुमच्या रात्रीला शेजारी एक थकलेला क्लीनर, तोही झोपलेला. ते जागरण नव्हे, तो अंधारात घेतलेला जुगार आहे. पापणी जड झाली की गाडी रस्त्याच्या पुरती बाहेर घेऊन झोपणे, हाच त्या वेळचा धर्म. पुढे जागे राहता यावे म्हणून घेतलेली झोप हीसुद्धा सेवाच आहे.

"पण मालक म्हणते, पहाटेच्या आत माल पायजे. मंग झोपावं कवा ?"

या प्रश्नाचे उत्तर ड्रायव्हरने द्यावयाचे नाही. ते मालकाने, व्यापाऱ्याने आणि बागवानाने द्यावयाचे आहे. त्यांच्यातही माळकरी आहेत. १९६१ साली झालेल्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाचे ८ तास आणि आठवड्याचे ४८ तास अशी कामाची साधारण मर्यादा घातली. सलग ५ तासांच्या आत अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली. कायदा कागदावर लिहिता येतो, दया मात्र अंतःकरणातच लिहावी लागते. दोन ड्रायव्हर द्यावयाचे भाडे वाचविले आणि त्या पैशांतून अन्नदान केले, तर ते पुण्य कोणाच्या झोपेतून काढले, हे देव विचारल्याशिवाय राहणार नाही.

आपल्याच जिल्ह्यातले गाडगेबाबा पाहा. त्यांनी पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथे धर्मशाळा उभ्या केल्या. वाटेवरच्या माणसाला पाठ टेकण्यापुरती जागा हवी, हे त्यांनी ओळखले होते. आणि २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांनी देह ठेवला तोही वाटेवरच, अमरावतीस येताना वलगावजवळ पेढी नदीच्या काठी. अशा पुरुषाच्या मुलुखात हमरस्त्याने जाणाऱ्या ड्रायव्हरला आंघोळीला पाणी आणि चार घटका निजायला निर्धास्त जागा मिळू नये काय ? हमरस्त्यालगत ज्यांची मंदिरे आणि मठ आहेत, त्यांनी एवढे केले तरी बाबांचे ऋण थोडे फिटेल.

आता शेवटची आणि कठीण गोष्ट. सर्व सांभाळूनही एखाद्या वेळी घात होतो. तेव्हा ड्रायव्हर गाडी सोडून पळतो. का पळतो ? जमाव मारील म्हणून. त्याची भीती खोटी नाही. २०२४ च्या जानेवारीच्या आरंभी पळून जाणाऱ्यास जबर शिक्षेच्या नव्या कलमाविरुद्ध देशभर ट्रक थांबले, ते याच भीतीने. पण तो पळाला की रस्त्यावर पडलेला जीव तडफडत राहतो. म्हणून दोघांनाही सांगणे आहे. ड्रायव्हर बंधूंनो, शक्य असेल तर थांबा. थांबणे जिवावर बेतत असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन हजर व्हा. पण १०८ वर फोन केल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि वारकऱ्यांनो, ज्या हाताने आपण एकमेकांच्या पायांची धूळ घेतो, तो हात थांबलेल्या माणसावर उगारू नका. त्याला पोलिसांच्या स्वाधीन करा, जखमीला उचला. थांबलेल्याला मार बसला, तर पुढचा कोणी थांबणार नाही.

दिंडीवाल्यांनीही आपला नेम करावा. अंधारात चालणे टाळावे. चालणे भागच पडले तर मागे चमकणारी पट्टी आणि तांबडा दिवा धरलेला माणूस असावा. पताका दिवसा दिसते, रात्री दिवाच दिसतो. देवावर भार टाकावा, पण दिवा आपण लावावा.

चांदूर बाजार तालुक्यातील माधानच्या गुलाबराव महाराजांची दृष्टी तान्हेपणीच गेली होती. अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी डोळ्यांवाचून जे पाहिले, ते डोळसांना साधले नाही. आपल्याला देवाने दोन्ही डोळे दिले आहेत. ते वाटेवर उघडे ठेवणे, दुसऱ्याचा जीव आपल्यासारखाच पाहणे, एवढे साधले तरी पुष्कळ. जो जागा राहून वाट चालतो आणि दुसऱ्याला सुखरूप घरी पोचू देतो, तो चाकावर असो की पायी, विठोबाच्या घरी वारकरीच.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल !