चेटकीण कोणी ठरवली?

18 मार्च 1612. इंग्लंडच्या लँकेशायरमध्ये, कोल्न गावाजवळ, अलिझन डिव्हाइस या गरीब मुलीने जॉन लॉ नावाच्या फेरीवाल्याकडे टाचण्या मागितल्या. तो गाठोडं सोडेना. ती चिडली, आणि थोड्याच वेळात तो कोसळला. एक बाजू लुळी पडली, तोंड वाकडं झालं. आज कोणीही याला पक्षाघात म्हणेल. तेव्हा सगळ्यांना त्यात चेटूक दिसलं, अलिझनलासुद्धा. तिने त्याची क्षमा मागितली.

तिथल्या खटल्यांत असे प्रसंग वारंवार भेटतात. दारात आलेल्या म्हातारीला दूध-पीठ नाकारायचं, ती पुटपुटत निघून जायची. पुढे घरातलं मूल आजारी पडलं, की तिचं पुटपुटणं आठवायचं. रेजिनाल्ड स्कॉटने 1584 मध्येच हे ओळखलं होतं. नाकारणाऱ्याच्या मनाची टोचणी अशी मागणारीच्या जिवावर उठत होती.

तरीही सगळा दोष अडाणी गावकऱ्यांवर टाकणं मला मान्य नाही. भीती गावाची होती, फास मात्र राज्याचा होता. 1604 चा कडक कायदा पार्लमेंटने केला. चेटकावर पुस्तक लिहिणारा जेम्स स्वतः राजा होता, आणि अशा खटल्यांत मुलांचीही साक्ष चालेल, असं त्याचं मत होतं. अलिझनची जबानी घेऊन जुने मृत्यू उकरून काढणारा रॉजर नोवेल दंडाधिकारी होता.

लँकेस्टरच्या न्यायालयात अलिझनची धाकटी बहीण जेनेट साक्षीला उभी राहिली. वय सुमारे नऊ. समोर आई, आरोपी. आईने आरडाओरडा केला, तेव्हा न्यायालयाने आईला बाहेर काढलं आणि मुलीला टेबलावर उभं केलं. तिने आईविरुद्ध, भावाविरुद्ध साक्ष दिली. 20 ऑगस्टला दहा जणांना फाशी झाली. त्यांत जेनेटची आई, भाऊ आणि बहीण होती. आजी आधीच तुरुंगात मेली होती. ते टेबल कुणा भोळ्या शेतकऱ्याने मांडलं नव्हतं. शिकल्यासवरल्या न्यायाधीशांसमोर, कायद्याच्या नावाने हे घडलं, आणि म्हणूनच ते अधिक अक्षम्य आहे.

1634 मध्ये त्याच भागात दहा वर्षांच्या एका मुलाने अनेकांवर चेटकाचा आरोप केला. या वेळी लंडनहून कसून चौकशी झाली आणि आपण सगळं रचलं होतं, असं त्याने कबूल केलं. आरोपींमध्ये जेनेट डिव्हाइस नावाची एक बाई होती; बहुधा तीच जेनेट. 1636 च्या लँकेस्टर तुरुंगातल्या कैद्यांच्या यादीतही ते नाव आहे.