यंत्राची रात्र

उरलेलं देऊन टाकलं, तर त्याला दान म्हणावं का? मी वर्ध्याजवळ सिंदी मेघेत एमएस-सीआयटीचा क्लास चालवते. इकडे गांधीजींचं सेवाग्राम, तिकडे विनोबांचं पवनार. अशा ठिकाणी राहणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही. माझ्यापुढे तो दहा-बारा कॉम्प्युटरमुळे आला.

संध्याकाळची बॅच सुटली की लॅब रिकामी होते. सगळ्या मशीन एकाच स्विचला जोडलेल्या आणि जवळपास सगळ्यांच्या हार्ड डिस्क निम्म्या मोकळ्या. भाच्यानं ती मोकळी जागा एकत्र बांधून दिली. आता मुलांची फाइल एकाच मशीनवर राहत नाही. तिचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याच्या प्रती निदान दोन मशीनवर असतात. पावसाळ्यात खिडकीजवळच्या मशीनची डिस्क गेली. त्या मशीनवर बसणाऱ्या मुलीनं बचत गटाचा सगळा हिशोब एक्सेलमध्ये मांडला होता. ती शेजारच्या खुर्चीवर बसली, फाइल उघडली आणि पुढची बेरीज करायला लागली. काय टळलं, हे तिला सांगावं लागलं.

जागेचं मला समजतं. ती उरते, म्हणून देता येते. पोचमपल्लीला १९५१ साली भूदान सुरू झालं. मला घरातला एक मुलगा समजा आणि सहावा हिस्सा द्या, असं विनोबा पुढे गावोगाव मागत फिरले. जमीन धरून ठेवता येते, म्हणूनच ती सोडण्याला अर्थ आहे. पण प्रोसेसरची रिकामी रात्र कोण साठवून ठेवणार? ती वापरली नाही तर गेली. जे माझ्याकडे राहणारच नव्हतं, ते देऊन मी काय सोडलं?

आमच्या मशीन रात्री ‘आइन्स्टाइन ॲट होम’चं काम करतात. २००५ पासून चालू असलेला हा उपक्रम दुर्बिणींच्या आणि गुरुत्वलहरींच्या वेधशाळांच्या नोंदी तुकड्या-तुकड्यांनी जगभरच्या घरगुती कॉम्प्युटरांना पाठवतो. २०१० मध्ये त्यातून एक नवा पल्सार सापडला, सेकंदाला सुमारे ४१ गिरक्या घेणारा तारा. तो ज्यांच्या मशीनवर दिसला, त्यांत आयोवातलं एक जोडपं होतं आणि जर्मनीतल्या माइन्झचा एक जण. आपल्याकडे हिंगोलीत औंढा नागनाथजवळ लायगो ही गुरुत्वलहरींची वेधशाळा व्हायची आहे. तिथल्या नोंदीही कधीतरी अशाच आपल्या लॅबमध्ये येतील, अशी मला फार आशा आहे.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, रोज कातायला बसतात; त्याला ते यज्ञ म्हणतात. त्यांना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी चरखा थांबवला. “तू झोपली अन् मशीन राबली. मंग यज्ञ कोनाचा झाला, बाई?”

प्रश्न खरा होता. गांधीजींनी देशाकडे रोजचा अर्धा तास मागितला होता. १९२५ मध्ये चरखा संघ निघाला तेव्हा सभासदाची वर्गणी त्यानं स्वतः कातलेल्या सुतात घ्यायची ठरली. घरोघरचा थोडा-थोडा वेळ एकत्र येऊन कापड व्हायचं. ‘आइन्स्टाइन ॲट होम’मध्येही घरोघरची शक्तीच एकत्र येते. पण कातणारा त्या अर्ध्या तासात हजर असतो. धागा तुटला की जोडतो, बोट दुखलं तर सोसतो. मी हजर नसते. सुतात माणूस उतरतो, तसं माझ्या मशीनच्या गणितात माझं काहीच उतरत नाही. मामाजींचं हे म्हणणं मला मान्य आहे.

मग माझं त्यात काय? याचं उत्तर मला विजेच्या बिलात दिसलं. रिकामी मशीन कमी वीज खाते, राबणारी मशीन जास्त. फुकट वाटणाऱ्या रात्रीलाही युनिट पडतात, आणि ते पैसे मुलांच्या फीमधून जात होते. ही मुलं काही श्रीमंतांची नाहीत. कुणी शेतमजुराचं, कुणी हमालाचं. त्यांच्या फीवर मी पल्सार शोधणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं वाढून पुण्य मिळवणं. म्हणून लॅबला वेगळा सब-मीटर बसवला. रात्रीचं रीडिंग मी वहीत लिहिते आणि तेवढे पैसे घरखर्चातून भरते. जागा आणि वेळ, दोन्ही उरलेलं होतं, ते जगाचंच होतं. ते अडवून ठेवलं नाही एवढंच. हे पैसे मात्र उरलेले नाहीत.

या उपक्रमातली आणखी एक गोष्ट मला आवडते. नोंदींचा एकच तुकडा दोन वेगळ्या घरी पाठवतात आणि उत्तरं जुळली तरच धरतात. कुणाला हा अविश्वास वाटेल. मला तो भक्तीला धरून वाटतो. दिलेलं खरं आहे का, हे पाहू देणं हासुद्धा देण्याचाच भाग आहे.

एप्रिलच्या मध्यापासून मृग लागेपर्यंत मी हे काम बंद ठेवते. वर्ध्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, पत्र्याखालची लॅब रात्रीही निवत नाही, आणि सकाळी त्याच मशीनवर मुलांना शिकायचं असतं. मामाजींचं कातणं उन्हाळ्यातही चालू असतं. यज्ञाला सुट्टी नसते, असं ते म्हणतात. यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.